शेजाऱ्याचं खळं

आख्ख्या आयर्लंडमध्ये पावसाची धास्ती घेतलेला एकच माणूस आहे आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. बाकीच्या देशाने पावसाशी केव्हाच मिटवून घेतलं आहे. आमच्या कासलबारात तर लोक भिजत भिजत एकमेकांना आजचा दिवस किती छान आहे ते सांगतात. आणि गंमत म्हणजे या आमच्या शेजाऱ्यालाही इथल्या पावसाचं काही सोयरसुतक नाही. इथे आभाळ फाटलं तरी तो छत्री न घेता दुकानापर्यंत रमतगमत जाईल. त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो तो तुर्कस्तानात, काळ्या समुद्राच्या काठी, एका खळ्यावर पडू शकणाऱ्या पावसासाठी. तो पाऊस बहुतेक वेळा पडतही नाही. पण तेवढ्याने काळजी थांबवायची असं त्याच्या घराण्यात नसावं.

हा आमचा शेजारी जातीचा तुर्की, वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, धंद्याने न्हावी. गावातल्या मुख्य रस्त्यावर त्याचं दुकान आहे. मी त्याला अबी म्हणतो. अबी म्हणजे त्यांच्याकडे दादा. तो मला कोम्शू म्हणतो, म्हणजे शेजारी. नऊ वर्षांत आम्ही एकमेकांची नावं क्वचितच वापरली असतील. मी इथल्या एका औषधांच्या कारखान्यात काम करतो, रोज चार वेळा हात धुतो आणि जगातली कुठलीही गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. तरी अबीशेजारी मी अगदीच बेफिकीर माणूस वाटतो, असं माझी बायको मेधा म्हणते.

अबीच्या गावी फक्त हेझलनट होतो. म्हणजे इतरही होत असेल, मका होतो, कोबी होतो, थंडीत समुद्रातून मासळी येते, पण त्यातलं कशाचंही नाव तो काळजीने घेत नाही. डोंगर समुद्रातून सरळ वर चढलेला, आणि त्या चढावर झुडपंच झुडपं. चढ इतका उभा की तोडणीला आलेली माणसं कमरेला दोर बांधतात. हे तो सांगतो तेव्हा स्वतःच्या कमरेला टॉवेल बांधून दाखवतो आणि खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक तसंच अर्ध्या दाढीने बघत राहतं. तिथे लग्नं नट विकल्यावर होतात, घराला रंग नट विकल्यावर लागतो, दुकानदार नट बघून माल भरतो. थंडीत शेगडीत जळतात तीही नटाचीच टरफलं. ऑगस्ट लागला की शहरात गेलेले मास्तर, कारकून, ड्रायव्हर सगळे रजा टाकून गावी येतात आणि सगळा जिल्हा वाकून उभा राहतो. अबीला तेवढं जमत नाही, कारण ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आधी सगळ्या मेयो परगण्याला आपल्या पोरांचे केस कापून हवे असतात. म्हणून तो इथे राहून काळजी करतो. कोणी तरी केलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या काळजीचं वेळापत्रक ठरलेलं आहे. एप्रिलमध्ये कळ्यांवर हिमकण पडतील म्हणून, जूनमध्ये कीड लागेल म्हणून आणि ऑगस्टमध्ये खळ्यावर पाऊस येईल म्हणून. हे वेळापत्रक आमच्या गावातल्या लोकांच्या डोक्यावर वाचता येतं. एप्रिलमध्ये त्याच्याकडून कापून घेतलेले केस एका बाजूला आखूड असतात, कारण फोन आरशाच्या डाव्या कोपऱ्यात टेकवलेला असतो. एकदा तो माझ्या कानावरची लव जाळत होता. तुर्की न्हावी काडीच्या टोकावर जाळ धरून ती झटकन जाळतात. तेवढ्यात फोन वाजला आणि तो जाळ तसाच धरून तापमान वाचू लागला. मेधाने घरी आल्यावर विचारलं, कसला वास येतोय. मी कानाला खडा लावला, उरलेल्या कानाला, की पुन्हा एप्रिलमध्ये तिथे जायचं नाही. पण मे महिन्यात गेलोच, कारण त्याच्यासारखा चहा आख्ख्या गावात कोणी देत नाही.

आणि त्याच्या खिशात कायम एक हेझलनट असायचा. टरफलासकट, गेल्या कुठल्या तरी वर्षीचा. बोलता बोलता तो काढायचा, तुमच्या कानाशी धरायचा आणि हलवायचा. आत दाणा खुळखुळला म्हणजे माल वाळला. पोलीस असो, पाद्री असो, कासलबारातल्या प्रत्येक पुरुषाने तो नट ऐकलेला आहे. आमच्या लेकीने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिला वाटलं आत कोणी तरी राहतं.

तर हे खळं. आमच्या कोकणातही सुपारी वाळवायला घरापुढे खळं असतं, त्यामुळे मला ते समजावून सांगावं लागलं नाही, यावर अबी माझ्यावर जो खूश झाला तो कायमचा. तोडणी झाली, वरची हिरवी साल निघाली की नट चार-पाच दिवस खळ्यावर उन्हात पसरतात. तेवढ्या दिवसांत पाऊस लागला आणि माल भिजला तर बुरशी धरते, आणि वर्ष गेलं. त्याची आई, ऐंशीच्या पुढची, तिथे एकटी राहते. तोडणीच्या दिवसांत बाकी सगळे वर डोंगरावर असतात आणि खळ्याची राखण ती करते. अबीने काही वर्षांपूर्वी खळ्यातल्या विजेच्या खांबावर एक कॅमेरा बसवून घेतला. कोंबडी आडवी गेली तरी याचा फोन वाजतो. आणि समुद्रावर एखादा बोटभर ढग दिसला की हा आईला फोन करतो: पाऊस येतोय, झाक.

मी त्याची यथेच्छ टर उडवायचो. खरं तर मला तोंड नव्हतं. मीसुद्धा मुरूडजवळच्या आमच्या घरी पडवीत एक कॅमेरा बसवलेला आहे. पण तो सुरक्षेसाठी, असं मी सगळ्यांना सांगायचो. सकाळच्या चहाच्या सुट्टीत अकरा वाजता उघडून बघितलं की तिकडे दुपार कलत असते आणि आई पडवीच्या टोकाला स्टुलावर बसून भाजी निवडत असते. भर वाऱ्यात. गुडघे दुखतात, तरी स्टूल ओढत तिथवर आणते. आख्खं घर सोडून तिथे का बसतेस, म्हणून मी फोनवर कितीदा डाफरलो असेन. इथे उजेड बरा असतो, एवढंच तिचं उत्तर.

गेल्या वर्षी अबीच्या खळ्यावर निम्म्या मालाला बुरशी लागली. त्या दिवसांत तो दुकान बंद करून मागच्या खोलीत बसला होता, आणि कासलबारातल्या मुलांनी शाळेचा पहिला दिवस वाढलेल्या केसांनी काढला. त्याला एक धाकटी बहीण आहे, तिकडच्याच एका शहरात इंग्रजी शिकवते. तिने स्पष्ट सांगितलं की आईच्याने आता खळं होत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं तर बाग विकायची आणि आईला आपल्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर न्यायचं. अबीने हे मला केस कापताना सांगितलं आणि मग कात्री थांबवून म्हणाला, "कोम्शू, माझी आई लिफ्टमध्ये कधी बसलेली नाही." त्याला बाग जाण्याचं दुःख होतंच, पण आईचं पाचव्या मजल्यावर काय होईल याने त्याने हाय खाल्ली होती.

आणि या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख आली. पोटात कळा येऊनही त्याने ते दोनदा लांबवलं होतं, एकदा हिमकणांसाठी आणि एकदा किडीसाठी. या वेळी सोडली तर रांगेत पुन्हा शेवटी. मेधाने त्याला दारात उभं करून असं काही झापलं की तो मुकाट्याने कपडे भरायला गेला. हॉस्पिटलात आत नेताना त्याने फोन माझ्या हातात दिला आणि लेकीला सासरी पाठवताना द्याव्यात तितक्या सूचना दिल्या. एक वाक्य मला देवनागरीत लिहून पाठ करायला लावलं: यामूर गेलियोर, तेयझे. पाऊस येतोय, मावशी. ढकलगाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो मान वर करून माझे उच्चार सुधारत होता.

मी कँटीनमध्ये कॉफी घेऊन बसलो आणि डोळ्यांत तेल घालून बघू लागलो. तिकडे भर दुपार. लखलखीत ऊन, खळ्यावर पसरलेले नट, आणि डोक्याला फुलांचा रुमाल बांधलेली एक बुटकी म्हातारी लाकडी फावड्याने ते वरखाली करतेय. बराच वेळ असंच चाललं. मग ती थांबली. समुद्राकडे नाही, डोंगराकडे बघितलं, आणि फावडं टाकून नट मधोमध लोटायला लागली. मग ताडपत्री ओढली, कडांवर दगड ठेवले आणि ओट्यावर जाऊन बसली. ऊन तसंच होतं. मला काही कळेना. म्हातारीचा गोंधळ होतोय, बहीण म्हणते ते खरं आहे की काय?

पंधरा-वीस मिनिटांनी चित्र थोडं धूसर झालं. मला वाटलं कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली असेल. मी ती काच, म्हणजे फोन, सदऱ्याने पुसलीसुद्धा. मेयोत नऊ वर्षं काढलेल्या माणसाच्या डोळ्यांना झिमझिम पाऊस म्हणून दिसेनाशीच होते, त्याला मी काय करू? अंगणातल्या कोंबड्या छपराखाली पळाल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धडपडत फोन लावला आणि सगळ्या कँटीनने वळून बघावं अशा आवाजात ओरडलो, यामूर गेलियोर. पडद्यावर ती म्हातारी भिजलेल्या ताडपत्रीशेजारी फोन कानाला लावून बसलेली मला दिसत होती. ती पोट धरून हसली. मग काही तरी दोन शब्द बोलली, सावकाश, लहान मुलाची समजूत घालावी तसे. अर्ध्या तासाने पाऊस गेला. तिने ताडपत्री काढली आणि पुन्हा पसरलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. शुद्धीवर येताच त्याने पाऊस झाला का विचारलं. मी म्हटलं झाला, मी फोन केला, झाकलेलं होतं. तीन वाक्यं, तिन्ही खरी, आणि तिन्ही मिळून थाप. तो समाधानाने झोपला.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. तोडणीसाठी गावी आलेली ती डोंगरावरून उतरून आईशेजारी बसली होती. मी आधी अबीची खुशाली सांगितली आणि मग राहवेना म्हणून दुपारी बघितलेलं सगळं सांगून टाकलं, की मावशींनी पाऊस यायच्या आधी झाकलं, माझा फोन उशिरा गेला. बहिणीने आईला काही विचारलं. दोघींचं बराच वेळ बोलणं चाललं, आणि बहिणीचा आवाज हळूहळू मऊ होत गेला. मग तिने मला जे इंग्रजीत सांगितलं ते असं. गेल्या वर्षी अबी दिवसातून आठ-आठ वेळा फोन करत होता. ऊन असलं तरी. आणि त्याने फोन केला की आई झाकायची. प्रत्येक वेळी. प्लॅस्टिकखाली उन्हात नटांना घाम फुटला आणि बुरशी धरली. पावसाचा थेंबही लागला नव्हता.

मी विचारलं, मग मावशींनी त्याला सांगितलं का नाही. बहिणीने विचारलं आणि आईचं उत्तर मला शब्दशः सांगितलं.

"सांगितलं असतं तर त्याने फोन करणं बंद केलं असतं."

मी पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा होतो. पाऊस पडत होता, इथला, ज्याला कोणी मोजत नाही. बहीण म्हणाली, हे मला आजच कळतंय. अजून चार दिवस ऊन आहे. माल नीट वाळला तर मी विकायचं नाव काढणार नाही. आणि आईचा तुम्हाला निरोप आहे की फोन तुमच्याकडेच ठेवा, आणि त्याला कळू देऊ नका.

फोन ठेवायचं काम मेधाने केलं. अबी एकटाच राहतो, म्हणून आठवडाभर त्याला आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आणून झोपवलं. मेधाने त्याला बिनतुपाची मुगाची खिचडी वाढली आणि बजावलं की या घरात पेशंटला फोन मिळणार नाही. तो मेधाला घाबरतो. मीही घाबरतो. मग तह ठरला: मी रजा घेतलेलीच होती, तर दर तासाला मी खळ्याची बातमी द्यायची आणि ढग दिसला की ताबडतोब फोन करायचा. ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट गेले. माणूस खरं बोलत असताना एवढा घामाघूम होत नाही. मी सांगायचो ऊन आहे, तो विचारायचा किती ऊन आहे. मी सांगायचो कडक. तो म्हणायचा, कडक ऊन म्हणजे मागून पाऊस. तिसऱ्या दिवशी समुद्रावर खरोखरच ढग आला आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याला तो दिसला. मी स्वयंपाकघरात धावलो, प्रेसचं दार उघडलं (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) आणि डाळींच्या डब्यांना उद्देशून तीनदा ओरडलो, यामूर गेलियोर, तेयझे. बाहेरून त्याने उच्चार बरोबर असल्याचं सांगितलं. लेक टेबलाशी पुस्तक वाचत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू नो दॅट्स लायिंग, लाइक." मी तिला मराठीत सांगितलं की हे मोठं झाल्यावर कळेल, आणि सांगताना मलाच ते नीटसं कळलेलं नव्हतं. ढग दोन तासांनी विरला. म्हातारी जागची उठलीसुद्धा नाही. पण ते दोन तास मी कॅमेऱ्याकडे बघत उभा होतो. एक बाग, एक म्हातारी, तिचं अंगण आणि एक पाचवा मजला, सगळं माझ्या न केलेल्या फोनवर लटकलेलं होतं. तेव्हा पहिल्यांदा मला अबीचा कान जाळणारा एप्रिल समजला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. आईने खळ्यावरून एक नट उचलला, फोनच्या अगदी जवळ आणला आणि हलवला. अबीने सोफ्यावर डोळे मिटून घेतले. आमच्या दिवाणखान्यात ती खुळखुळ स्वच्छ ऐकू आली. तो रडायला लागला, टाके सांभाळत, एका हाताने पोट दाबून. मग मला म्हणाला, बघितलंस कोम्शू, आपण लक्ष ठेवलं म्हणून वाळलं. पडद्यावरच्या म्हातारीला बहिणीने ते सांगितलं. तिने जोरजोरात मान हलवली, हो हो, तुम्ही होतात म्हणूनच. आणि माझ्याकडे बघितलं. मी खिचडीचं पातेलं उचलून आत गेलो.

बाग राहिली आहे. बहिणीने शब्द पाळला. अबीने पुन्हा दुकान उघडलं आहे आणि येत्या एप्रिलची काळजी सुरू केली आहे. ऑगस्टचा फोन मात्र त्याने कायमचा माझ्याकडे दिला, कारण त्याच्या मते माझा पायगुण चांगला आहे. तो रोज संध्याकाळी आईला नुसताच फोन करतो, आता तासभर बोलतो. कशावर बोलता, विचारलं तर म्हणाला, पावसावर.

ऑक्टोबरात माझ्या नावाने एक कापडी पिशवी आली, तोंड सुतळीने शिवलेलं. आत हेझलनट. त्यांच्याकडे रीत आहे की खळ्यावर जो जो उभा राहिला त्याचा वाटा काढायचा. वाटा कसला, मी तर डाळींच्या डब्यांवर ओरडलो होतो. रविवारी सकाळी मी एकटाच ती पिशवी उघडून बसलो. एक नट कानाशी हलवून बघितला. मग अकरा वाजले होते म्हणून सवयीने फोनवर मुरूडचा कॅमेरा उघडला.

आई तिथेच होती. पडवीच्या टोकाला, स्टुलावर, कानावरून पदर घट्ट घेऊन वाल सोलत. आमच्या त्या कॅमेऱ्याला एक बारीक निळा दिवा आहे. इकडून कोणी उघडलं की तो तिकडे लागतो. हे मला माहीत होतं, मीच बसवला आहे. तो लागला असणार, कारण आईने मान वर केली, पदर सारखा केला आणि जरा ताठ बसली. आमची पडवी पूर्वेला आहे. त्या वेळेला ऊन कधीच मागच्या दारी गेलेलं असतं.

मी फोन लावला. म्हटलं, आई, तिथे वारा लागतोय, आत बस ना.

"असू दे रे," ती म्हणाली. "इथे उजेड बरा आहे."

मी म्हटलं, हो, बरा आहे उजेड, बस. आणि सगळे वाल सोलून होईपर्यंत कॅमेरा बंद केला नाही.